सूक्ष्माचे माप घेणारी विदुषी : डॉ. रोझालिन यॅलो

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी रक्त तपासून आल्याचा एखादा कागद जपून ठेवलेला असेल. थायरॉइड ग्रंथीचा स्राव किती, इन्सुलिन किती, असे आकडे त्यावर मांडलेले असतात. डॉक्टर ते पाहून औषधयोजना ठरवितात आणि आपण तो कागद घडी घालून कपाटात ठेवून देतो. रक्ताच्या थोड्याशा थेंबांत दडलेल्या इतक्या सूक्ष्म द्रव्याचे माप प्रथम कोणी व कसे घेतले, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. ते माप घेणाऱ्या दोघांपैकी एक स्त्री होती. अमेरिकेतील एका सामान्य यहुदी कुटुंबात ती जन्मली होती, आणि वैद्यकाची पदवी तिच्याजवळ नव्हती. तिचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

रोझालिन ससमन हिचा जन्म १९ जुलै १९२१ रोजी न्यू यॉर्क शहरातील ब्राँक्स या भागात झाला. वडील सायमन यांचा कागद व सुतळी विकण्याचा लहानसा धंदा होता. आई क्लारा चार वर्षांची असताना जर्मनीतून अमेरिकेत आली होती. दोघांपैकी कोणाचेही शिक्षण हायस्कुलापर्यंत पोहोचले नव्हते. परंतु आपल्या मुलांनी कॉलेजात जावयाचे, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. घरात पुस्तके नव्हती. बालवर्गात जाण्यापूर्वीच वाचावयास शिकलेली रोझालिन दर आठवड्यास आपल्या वडील भावाबरोबर सार्वजनिक ग्रंथालयात जाई, वाचून झालेली पुस्तके परत करी आणि नवी घेऊन येई. मूल मोठे हट्टी होते, असे सांगतात. तो हट्ट पुढे तिच्या फार उपयोगी पडला.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. ज्या वर्षी ही मुलगी जन्मली, त्याच १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढण्यात यश मिळविले. १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका मधुमेही मुलास टोचण्यात आले. जे रोगी पूर्वी हटकून मरत, ते जगू लागले. इन्सुलिन हाती आले खरे, परंतु मनुष्याच्या रक्तात ते किती असते हे नेमके मोजणे पुढे जवळजवळ चाळीस वर्षे कोणास साधले नाही. ते काम या मुलीची वाट पाहत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

हायस्कुलात असताना रसायनशास्त्राच्या एका उत्तम शिक्षकांमुळे तिला शास्त्राची गोडी लागली. पुढे मुलींना विनामूल्य शिक्षण देणाऱ्या हंटर कॉलेजात तिचे मन पदार्थविज्ञानाकडे वळले. त्याच सुमारास मादाम क्यूरी यांच्या कन्येने लिहिलेले आपल्या आईचे चरित्र प्रसिद्ध झाले होते, ते तिने वाचले. १९३९ च्या जानेवारीत कोलंबिया विद्यापीठात एन्रिको फर्मी यांनी नव्यानेच शोध लागलेल्या अणुविभाजनावर व्याख्यान दिले. सभागृहात मुंगीस शिरावयास जागा नव्हती. तरीही ही कॉलेजकन्या कशीबशी आत शिरली व व्याख्यान ऐकून आली. आपण पदार्थविज्ञानातच आयुष्य घालवावयाचे, हा तिचा निश्चय झाला. आईवडिलांच्या मते मात्र मुलीने प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हावे, हेच तिच्या हिताचे होते. आम्ही स्वतः शिक्षकाचा पेशा पत्करलेला असल्याने त्या इच्छेस मुळीच कमी लेखीत नाही. परंतु मुलीचा ओढा जिकडे आहे तिकडे जाऊ देण्याइतके मोठे मन त्या अल्पशिक्षित मातापित्यांजवळ होते, हे येथे सांगितले पाहिजे.

१९४१ च्या जानेवारीत ती बहुमानासह पदवीधर झाली. पण पुढील शिक्षणाचे दरवाजे सहजी उघडेनात. एका विद्यापीठाने तिच्या प्राध्यापकांस असे कळविले की, ही मुलगी न्यू यॉर्कची, यहुदी, आणि शिवाय स्त्री. पुढे तिला नोकरी मिळेल अशी हमी कोणी देत असेल तर तिला घेऊ. अशी हमी कोण देणार? अखेर कोलंबिया विद्यापीठातील एका रसायनशास्त्रज्ञांच्या कचेरीत चिटणिसाचे काम करावयाचे, आणि त्या आडमार्गाने जमेल तेव्हा एखादा वर्ग गाठावयाचा, असे ठरले. त्यासाठी ती लघुलेखन शिकू लागली. इतक्यात इलिनॉय विद्यापीठाकडून पदार्थविज्ञान विभागात अध्यापन-साहाय्यकाची जागा दिल्याचे पत्र आले. महायुद्धाच्या छायेत तरुण पुरुष सैन्यात जाऊ लागले होते. रिकाम्या पडणाऱ्या जागांमुळेच स्त्रीस ही संधी मिळाली. पत्र हाती पडताच रोझालिनने लघुलेखनाची पुस्तके फाडून टाकली. उन्हाळ्यात न्यू यॉर्क विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे दोन विनाशुल्क अभ्यासक्रम पुरे करून ती इलिनॉयला गेली.

तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ४०० अध्यापकांच्या सभेत ती एकटीच स्त्री होती. १९१७ नंतर तेथे आलेली ती पहिलीच. हंटर कॉलेजात पदार्थविज्ञानाचे शिक्षण त्या मानाने थोडे झाले होते, म्हणून वरच्या वर्गांबरोबर खालचे वर्गही तिने केले. नव्या विद्यार्थ्यांस शिकविण्याचे काम तिच्याकडे आले. पूर्वी तिने कधी शिकविले नव्हते. तेव्हा उत्तम शिक्षक म्हणून ज्यांचा लौकिक होता अशा एका तरुण अध्यापकांच्या वर्गात जाऊन बसावयाचे व शिकवावे कसे हे पाहावयाचे, असा क्रम तिने स्वतः होऊन ठेविला. पहिल्या सहामाहीच्या निकालात एक वगळून सर्व ठिकाणी तिला पहिल्या प्रतीची श्रेणी मिळाली. प्रकाशशास्त्राच्या प्रयोगांत तेवढी किंचित कमी पडली. त्यावर विभागप्रमुखांनी अनुमान काढले की, स्त्रियांना प्रयोगशाळेतील काम साधत नाही हेच यावरून सिद्ध होते! एका खुणेवरून साऱ्या स्त्रीजातीचे माप घेण्याचा हा प्रकार होता. जिच्याविषयी हे अनुमान निघाले, तिने पुढे सारे आयुष्य प्रयोगशाळेत काढले, आणि जगातील अत्यंत नाजूक अशा मोजमापाची पद्धती तेथेच निर्माण केली.

इलिनॉय येथे ॲरन यॅलो नावाच्या एका सहाध्यायाशी तिची ओळख झाली व १९४३ साली त्यांचा विवाह झाला. १९४५ च्या जानेवारीत अणुकेंद्राच्या पदार्थविज्ञानात तिने डॉक्टरची पदवी संपादन केली. येथून पुढे आम्ही तिचा उल्लेख यॅलोबाई असाच करू.

न्यू यॉर्कला परत आल्यावर बाईंनी काही काळ एका दूरसंचार प्रयोगशाळेत साहाय्यक अभियंत्याचे काम केले आणि १९४६ पासून हंटर कॉलेजात युद्धावरून परतलेल्या सैनिकांस पदार्थविज्ञान शिकविले. किरणोत्सारी द्रव्यांचा वैद्यकात उपयोग करण्याची विद्या त्या वेळी नुकतीच उदयास येत होती. १९४७ च्या डिसेंबरात ब्राँक्समधील निवृत्त सैनिकांच्या सरकारी रुग्णालयाने बाईंना या कामासाठी अर्धवेळ नेमले. प्रयोगशाळा नव्हतीच. झाडलोटीचे सामान ठेवण्याची एक लहानशी खोली त्यांना मिळाली. तिचीच त्यांनी प्रयोगशाळा केली. बाजारात तयार उपकरणे फारशी मिळत नसत. ती त्यांनी स्वतः जुळवून घेतली. १९५० साली कॉलेजातील नोकरी सोडून त्या पूर्णवेळ येथेच काम करू लागल्या.

त्याच वर्षी डॉ. सॉलोमन बर्सन नावाचे एक तरुण वैद्य त्यांना येऊन मिळाले. त्यांचीही कथा थोडीफार अशीच होती. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारल्यावर इतर अभ्यास व अध्यापन करीत त्यांनी धीर धरला व मग वैद्यकाची पदवी मिळविली. ते व्हायोलिन उत्तम वाजवीत, बुद्धिबळ खेळत, आणि त्यांची बुद्धी विजेसारखी चपळ होती. बाईंना वैद्यक ठाऊक नव्हते, बर्सन यांना अणुविज्ञान ठाऊक नव्हते. दोघेही एकमेकांचे गुरू झाले व एकमेकांचे शिष्यही झाले. ही जोडी बावीस वर्षे अभंग राहिली.

आता त्यांच्या शोधाकडे वळू. शरीरातील काही ग्रंथी आपला रस थेट रक्तात सोडतात. त्या रसातील कार्यकारी द्रव्यास संप्रेरक किंवा हॉर्मोन म्हणतात. रक्ताबरोबर वाहत जाऊन ते दूरच्या अवयवास जणू आज्ञा पोहोचविते. पुष्कळशी संप्रेरके ही अ‍ॅमिनो आम्लांचे मणी ओवून झालेल्या साखळ्या असतात. अशा साखळीस पेप्टाइड म्हणतात. इन्सुलिनच्या दोन साखळ्यांत मिळून असे ५१ मणी आहेत. ही द्रव्ये बलवान खरी, परंतु रक्तात त्यांचे प्रमाण अतिशय अल्प. निरोगी मनुष्याच्या उपाशीपोटी घेतलेल्या रक्तद्रवातून केवळ एक ग्रॅम इन्सुलिन गोळा करावयाचे म्हटले, तर सुमारे तीस लाख लिटर रक्तद्रव लागेल. दहा हजार लिटर पाणी नेणारे तीनशे टँकर डोळ्यांपुढे आणावेत, म्हणजे या सूक्ष्मतेची कल्पना येईल. कोणत्याही रासायनिक तराजूस हे वजन पेलणारे नव्हते.

यॅलोबाई व बर्सन हे प्रारंभी मोजमापाच्या मागे लागलेच नव्हते. प्रौढ वयात मधुमेह होतो तो इन्सुलिन शरीरात फार लवकर नष्ट होत असल्यामुळे असावा, असे एका शास्त्रज्ञांचे मत होते. ते खरे की खोटे हे पाहण्यासाठी या दोघांनी इन्सुलिनला किरणोत्सारी आयोडीनची खूण लावली व ते माणसांना टोचून किती वेळात रक्तातून नाहीसे होते हे पाहिले. निष्कर्ष उलटाच आला. ज्यांनी पूर्वी इन्सुलिन घेतले होते, त्यांच्या रक्तात ते अधिक काळ रेंगाळले. मग ते मधुमेहाचे रोगी असोत, वा मनोविकारावर उपाय म्हणून इन्सुलिन दिलेले असोत. याचा अर्थ, रोगापेक्षा पूर्वीच्या उपचाराशी या गोष्टीचा संबंध होता. त्या काळी औषधाचे इन्सुलिन गुराढोरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. शरीराने ते परके ओळखून त्यास धरून ठेवणारी द्रव्ये, म्हणजे प्रतिपिंड, तयार केली असली पाहिजेत, असा निर्णय या दोघांनी दिला.

परंतु इन्सुलिनसारख्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंड उत्पन्न होतच नाहीत, असे त्या वेळी जाणते लोक मानीत. १९५५ साली एका प्रतिष्ठित नियतकालिकाने त्यांचा निबंध परत पाठविला. दुसऱ्यानेही प्रथम नकारच दिला, आणि मथळ्यातून इन्सुलिनचे प्रतिपिंड हे शब्द वगळल्यावरच १९५६ साली तो छापला. मथळा बदलला, पण निबंधातील पुरावा त्यांनी बदलला नाही. नकाराचे ते पत्र यॅलोबाईंनी जपून ठेविले आणि बावीस वर्षांनी, आपल्या नोबेल व्याख्यानात, सर्व विद्वानांसमोर मांडले.

या प्रतिपिंडांतूनच मोजण्याची युक्ती निघाली. ती आमच्या विद्यार्थ्यांस शाळेच्या संमेलनाच्या दृष्टांताने समजावून देतो. एका दालनात ५० खुर्च्या आहेत आणि लाल टोप्या घातलेली ५० मुले आली आहेत. सर्वांस जागा मिळेल. आता त्यांच्याबरोबर बोडक्या डोक्याची ५० मुले आली व सर्व सारख्याच त्वरेने आत घुसली, तर खुर्च्यांवर लाल टोप्या सुमारे २५ दिसतील. बोडकी मुले १५० आली, तर लाल टोप्या बारा-तेराच दिसतील. म्हणजे बोडक्या मुलांकडे न पाहताही, केवळ लाल टोप्या मोजून, ती किती आली हे सांगता येते. खुर्च्या म्हणजे प्रतिपिंड, लाल टोपीवाले म्हणजे खूण केलेले इन्सुलिन, आणि बोडकी मुले म्हणजे रोग्याच्या रक्तातील स्वाभाविक इन्सुलिन. लाल टोपी मोजणारे यंत्र किरणोत्साराची नोंद घेते, व ते अत्यंत सूक्ष्म प्रमाणही ओळखते. आधी ठाऊक प्रमाणाच्या इन्सुलिनवर हाच प्रयोग करून कोष्टक तयार ठेवावयाचे व मग रोग्याच्या रक्ताचा निकाल त्याच्याशी ताडून पाहावयाचा. यासाठी उत्कृष्ट प्रतिपिंड गिनिपिग या लहान प्राण्यांपासून मिळाले. १९५९ साली या पद्धतीची पहिली वार्ता प्रसिद्ध झाली व १९६० साली सविस्तर निबंध आला. तिला रेडिओइम्युनोअ‍ॅसे असे नाव पडले. रोग्याच्या अंगात कोणतेही किरणोत्सारी द्रव्य घालावे लागत नाही, सर्व काम काचेच्या नळीत होते, हा तिचा मोठा गुण होय.

माप हाती येताच जुन्या समजुती डळमळू लागल्या. मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा अभाव, असे सर्वत्र समजत. परंतु प्रौढ वयात मधुमेह जडलेल्या कित्येकांच्या रक्तात इन्सुलिन पुरेसे, किंबहुना अधिकच, असल्याचे आढळले. शरीर त्याची आज्ञा नीट मानीत नव्हते, हा खरा दोष होता. मग याच पद्धतीने इतर संप्रेरकांची मापे होऊ लागली. ज्या मुलाची उंची खुंटली आहे त्यास वाढीचे संप्रेरक कमी आहे काय, हे कळू लागले. नवजात बालकाची थायरॉइड ग्रंथी मंद असेल तर ते लवकर ओळखून औषध देता येऊ लागले. एरवी असे बालक मतिमंद होण्याची भीती असते. कावीळीच्या एका घातक विषाणूचा अंश दात्याच्या रक्तात आहे की नाही, हेही याच मार्गाने पाहता येऊ लागले. आपल्या देशात मुंबईजवळील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानेही या चाचणीचे साहित्य तयार केले. हल्ली पुष्कळ ठिकाणी किरणोत्सारी खुणेऐवजी रंग किंवा प्रकाश देणारी खूण लावतात. तरी खुणेच्या साह्याने मोजावयाचे, हे मूळ तत्त्व तेच आहे.

या शोधाचे एकस्व घेतले असते तर दोघेही गडगंज श्रीमंत झाले असते. त्यांनी ते घेतले नाही. उलट जो शिकावयास येईल त्यास ही पद्धती मोकळ्या मनाने शिकविली.

यॅलोबाईंना दोन अपत्ये होती. रुग्णालयापासून जवळच त्यांचे घर होते. यहुदी धर्माच्या आचाराप्रमाणे त्या स्वतः स्वयंपाक करीत, आणि रात्री पुन्हा प्रयोगशाळेत जात. बर्सन १९६८ साली एका नव्या वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यक विभागाचे प्रमुख म्हणून गेले, तरी दोघांचे एकत्र काम सुटले नाही. ११ एप्रिल १९७२ रोजी शास्त्रज्ञांच्या एका संमेलनास गेले असताना हृदयविकाराने बर्सन यांचा अंत झाला. ते अवघे ५३ वर्षांचे होते.

बाईंवर हा मोठाच आघात होता. शिवाय या जोडीतील खरी प्रज्ञा बर्सन यांची, बाई केवळ साहाय्य करणाऱ्या, असे मानणारे लोक होतेच. आपले स्वतःचे माप जगास पटवून देण्याची वेळ पन्नाशीत त्यांच्यावर आली. एखादा दुसरा असता तर त्याने आपले नाव पुढे करण्यासाठी सोबत्याचे नाव हळूच मागे सारले असते. बाईंनी नेमके उलट केले. त्यांच्या विनंतीवरून प्रयोगशाळेस सॉलोमन बर्सन यांचे नाव देण्यात आले, आणि त्यामुळे बाईंच्या प्रत्येक नव्या निबंधावर, जेथे लेखकाच्या संस्थेचे नाव छापतात तेथे, बर्सन यांचे नाव येत राहिले. काम मात्र त्यांनी दुप्पट नेटाने चालविले.

१९७७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्याचा अर्धा भाग यॅलोबाईंस मिळाला. उरलेला अर्धा मेंदूतील पेप्टाइड संप्रेरकांविषयीच्या शोधाबद्दल रॉजर गियमँ व अँड्र्यू शॅली यांस वाटून देण्यात आला. वैद्यकातील हा मान मिळविणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री होत. पहिल्या गर्टी कोरी, १९४७ साली. मृतास हे पारितोषिक देत नाहीत, म्हणून बर्सन यांचे नाव त्यात नव्हते. स्टॉकहोम येथील मेजवानीच्या प्रसंगी बाईंनी विद्यार्थ्यांस उद्देशून भाषण केले. जगापुढील प्रश्न सोडवावयाचे असतील तर अर्ध्या मनुष्यजातीची बुद्धी वाया घालवणे परवडणार नाही, असा त्याचा आशय होता.

१९९१ साली त्या सेवानिवृत्त झाल्या आणि ३० मे २०११ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, ज्या ब्राँक्समध्ये त्या जन्मल्या तेथेच त्यांचे देहावसान झाले.

आमच्या विद्यार्थ्यांनी या चरित्रातून काय घ्यावे, हे आम्ही फार विस्ताराने सांगत नाही. विभागप्रमुखांनी एका श्रेणीवरून, विद्यापीठाने जात व गाव पाहून, आणि नियतकालिकाने रूढ मत धरून निकाल दिले. त्यांपैकी कोणीही पूर्ण मोजले नव्हते. यॅलोबाई मात्र मोजल्यावाचून कोणतेही मत मान्य करीत नसत, आणि मोजल्यावर जे दिसले ते कोणाच्या भीतीने सोडीत नसत. सोबत्याचा वाटाही त्यांनी त्याच चोख मापाने मोजून दिला. पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, घरातील मुलीची कुवत ठरविताना त्यांनी घाई करू नये. आठवड्यास एकदा ग्रंथालयात जाऊन पुस्तके बदलून आणणारी एखादी हट्टी मुलगी आमच्या वाचकांच्या घरीही असेल.